फुलकोबीचे बी मैदानात कसे रुजले

भिलाई-3 येथील परसबागेत (छत्तीसगडीत तिला बाडी म्हणतात) जूनमध्ये पेरलेल्या फुलकोबीला ऑक्टोबरच्या उकाड्यात गड्डा धरतो, याचे खरे तर आश्चर्य वाटायला हवे. ही भाजी भूमध्य सागराकाठची आणि युरोपीय वाणांना गड्डा धरण्यासाठी थंडी लागते.

भारतात ती एकोणिसाव्या शतकात सहारनपूरच्या कंपनी बागेतून आली. पाठ्यपुस्तकांत 1822 हे साल आणि डॉ. जेम्सन हे नाव जोडीने येते. त्या बागेचे अधीक्षक विल्यम जेम्सन 1815 मध्ये जन्मले आणि अधीक्षक झाले 1842 मध्ये. सात वर्षांच्या मुलाने बियाणे आणले असेल, असे मानणे कठीण. साल किंवा नाव, एक तरी चुकीचे असावे.

खरे काम पुढे अनाम माळ्यांनी केले. उष्ण, दमट हवेत ज्या झाडाला गड्डा धरला, त्याचेच बी राखायचे, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवले. 1929 मध्ये सटन कंपनीने विक्रीस आणलेल्या वाणांना पाटणा आणि बनारस ही नावे होती, म्हणजे निवड कोठे झाली ते उघड आहे. विष्णू स्वरूप व एस. एस. चटर्जी यांनी 1972 मध्ये दाखवले की हे भारतीय वाण मुख्यतः इंग्लंडच्या कॉर्नवॉलकडील फुलकोबीपासून घडले. लांब दांडा, उघडा पिवळसर गड्डा आणि उग्र स्वाद या तिथल्याच खुणा.

भौतिकशास्त्राच्या माणसाला यात तापमापीच दिसते. हळव्या भारतीय वाणांचा गड्डा 20 ते 27 अंश सेल्सिअसला धरतो, उशिराच्या स्नोबॉलचा 10 ते 16 अंशांना. हळवा वाण उशिरा पेरला तर बटणाएवढा गड्डा मिळतो. स्नोबॉल जूनमध्ये पेरला तर नुसती पाने.

स्नोबॉलचे बी मैदानात धरत नाही. दुसऱ्या महायुद्धात परदेशी बियाण्यांची आयात थांबली, तेव्हा क्वेट्टा येथे ते तयार होऊ लागले. फाळणीत क्वेट्टा गेले आणि 1949 मध्ये कुलू खोऱ्यातील कटराईन येथे संशोधन केंद्र उभे राहिले. भारतीय वाणांना मात्र डोंगराची गरज पडत नाही. त्यांचे बी मैदानातच तयार होते, पण एकट्या झाडावर नाही. हे वाण स्वतःचे परागकण बहुधा नाकारतात, म्हणून एकाच वाणाची काही झाडे जवळजवळ फुलू द्यावी लागतात. आसपास कोबी किंवा नवलकोल फुलले असेल तर मधमाश्या संकर घडवतात. ते बी निरुपयोगी.

आज दुकानात मिळणारी बरीच पाकिटे संकरित बियाण्यांची असतात. त्यांच्या झाडांचे बी राखले तर पुढच्या वर्षी गड्डे एकसारखे येत नाहीत. म्हणून माळ्यांची ती जुनी रीत चालवायची असेल, तर पाकिटावर 'संकरित' लिहिले आहे का, ते आधी पाहावे. 'पुसा दीपाली'सारखा सरळ वाण मिळाला तर सर्वांत चांगल्या गड्ड्यांची झाडे न कापता फुलू द्यावीत.