कंबरदुखी, जुनाट : कोअर स्नायूंचा दम आणि शरीराची ठेवण

शेवटच्या बरगडीपासून नितंबांच्या खालच्या घडीपर्यंतचे दुखणे बारा आठवड्यांहून अधिक टिकले, की ती जुनाट कंबरदुखी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली जगात 61.9 कोटी लोकांना कंबरदुखी होती. बहुतेकांच्या एक्स-रे, एमआरआयमध्ये तिचे एकच नेमके कारण सापडत नाही.

पोटाला आडवा वेढणारा ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस, मणक्यांना लगटून असलेला मल्टिफिडस, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ हे कोअरचे प्रमुख स्नायू. त्यांना थोडा भार दीर्घकाळ पेलायचा असतो. म्हणून ताकदीइतकाच दमही महत्त्वाचा.

हा दम सोरेन्सन चाचणीने मोजतात. माणूस टेबलावर पालथा झोपतो, पाय पट्ट्यांनी बांधतात, कमरेपासून वरचे धड कडेबाहेर असते. हात छातीशी दुमडून धड आडवे किती वेळ धरले, ते सेकंदांत नोंदवतात. बीअरिंग-सोरेन्सन या डॅनिश संशोधकाने 1984 साली दाखवले, की ज्या पुरुषांचा दम जास्त, त्यांना पुढच्या वर्षात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचा संभव कमी.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या वाहन उद्योगाच्या पट्ट्यात याला विशेष अर्थ आहे. जुळणीच्या लाइनवर खोल बिनच्या तळातला पार्ट वाकून काढायचा, तसेच वळून बसवायचा आणि पुढची गाडी येण्याआत पुन्हा वाकायचे. असे पूर्ण शिफ्टभर चालले, की स्नायू थकतात आणि भार मणक्यांमधल्या चकत्या व अस्थिबंधांवर येतो. शिफ्ट सुटल्यावर पुणे-नाशिक महामार्गाच्या कोंडीत दुचाकीवर बसणे आहेच.

सर्वांना लागू पडणारी एकच ‘बरोबर’ बैठक नाही. कोणत्याही स्थितीत तासन्‌तास अडकून राहणे त्रासाचे. म्हणून बिन कमरेच्या उंचीवर आणणे, कामांची अदलाबदल आणि मधल्या विश्रांतीत चालणे हे उपचाराचेच भाग ठरतात. 1948च्या कारखाना अधिनियमात इजा होईल इतके ओझे उचलायला लावण्यास मनाई (कलम 34) आणि उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय (कलम 44) या तरतुदी होत्या.

कर्ल-अप, साइड प्लँक आणि बर्ड-डॉग हे प्रचलित व्यायाम. प्रत्येक वेळी सुमारे दहा सेकंद धरून ते पुन्हा पुन्हा करतात. मात्र कोअरचे व्यायाम इतर नियमित व्यायामांपेक्षा ठळकपणे सरस ठरलेले नाहीत. कमरेचा पट्टा बांधल्याने दुखणे टळते, याला भक्कम पुरावा नाही.

लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी होणे अशी लक्षणे दिसल्यास व्यायाम थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे.