विश्लेषण: सिलिकोन रबरचा पाणी झटकण्याचा गुण गेला, तरी परत कसा येतो?

अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, तसंच काहीसं सिलिकोन रबरचं असतं. पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होतात. प्लाझ्माची प्रक्रिया केली की हेच रबर काही सेकंदांत पाण्याला जवळ करू लागतं. मात्र हा बदल टिकत नाही. हवेत ठेवलेलं रबर काही तासांत किंवा दिवसांत पुन्हा पाणी झटकू लागतं. याला ‘हायड्रोफोबिक रिकव्हरी’ म्हणतात.

रबर पाणी का झटकतं?

सिलिकॉन हे मूलद्रव्य आहे, तर सिलिकोन हे त्यापासून बनवलेलं पॉलिमर. त्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू आलटून पालटून जोडलेले असतात. या साखळीच्या बाजूंना मिथाइल गट असतात आणि त्यांचं पाण्याशी जमत नाही. थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो, त्याला स्पर्शकोन म्हणतात. तो ९० अंशांपेक्षा जास्त असेल, तर पृष्ठभाग पाणी झटकणारा मानला जातो. पीडीएमएस या प्रचलित सिलिकोन रबरवर तो साधारण ११० अंश भरतो.

प्लाझ्मामुळे काय बदलतं?

ऑक्सिजन प्लाझ्मा पृष्ठभागावरचे मिथाइल गट काढून टाकतो. त्यांच्या जागी पाण्याला आकर्षित करणारे सिलेनॉल गट येतात आणि काचेसारखा अतिशय पातळ थर तयार होतो. स्पर्शकोन झपाट्याने घटतो आणि थेंब पसरतो.

मग गुण परत कसा येतो?

मुख्य कारण रबरच्या पोटात असतं. रबर पक्कं करताना सगळ्या साखळ्या जाळ्यात गुंफल्या जात नाहीत. काही छोट्या साखळ्या आत मोकळ्या राहतात. त्या हळूहळू वर येतात आणि पृष्ठभागावर पसरतात. शिवाय वरचे सिलेनॉल गट आत वळतात किंवा एकमेकांशी जोडले जातात. प्रक्रिया जास्त वेळ केली किंवा रबर वाकवलं, तर काचेसारख्या थराला तडे जातात. मग छोट्या साखळ्यांना वर येण्याची वाट मोकळी होते. उष्णतेनेही हा वेग वाढतो.

प्रयोगशाळेत अडचण का होते?

रक्ताच्या किंवा रसायनाच्या अगदी थोड्या नमुन्याची तपासणी करणाऱ्या मायक्रोफ्लुइडिक चिप अनेकदा पीडीएमएसच्या असतात. त्यांतल्या वाहिन्या केसाएवढ्या बारीक असतात. वाहिनीने पाणी झटकायला सुरुवात केली, तर द्रव आत शिरत नाही, बुडबुडे अडकतात आणि निकाल बिघडू शकतो. चिप काचेला चिकटवायची असेल, तर प्लाझ्मानंतर काही मिनिटांतच दोन्ही पृष्ठभाग जोडावे लागतात. उशीर झाला की जोड कच्चा राहतो.

यावर काही उपाय आहेत. प्रक्रिया केलेलं रबर पाण्यात बुडवून ठेवलं, तर गुण परत येण्याचा वेग मंदावतो. मोकळ्या साखळ्या द्रावकाने आधीच धुऊन काढता येतात. पृष्ठभागावर पाण्याला धरून ठेवणारं दुसरं पॉलिमर कायमचं जोडणं, हा आणखी एक मार्ग.

विजेच्या टॉवरवर मात्र फायदा

हीच गोष्ट उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांसाठी वरदान ठरते. इन्सुलेटरवर धूळ किंवा समुद्राचं मीठ साचतं. धुक्याने ते ओलं झालं की त्यातून वीज झिरपते आणि अखेर ठिणगीचा झोत उठून वाहिनी बंद पडू शकते. सिलिकोन रबरच्या इन्सुलेटरवर पाण्याचे सुटे थेंब राहतात, सलग थर होत नाही. विद्युत विसर्गामुळे हा गुण तात्पुरता गेला, तरी विश्रांती मिळाल्यावर तो परत येतो. इतकंच नाही, तर वर आलेल्या साखळ्या साचलेल्या धुळीलाही पाणी झटकायला लावतात. चिनीमातीच्या किंवा काचेच्या इन्सुलेटरला हे जमत नाही.

मात्र ही क्षमता अमर्याद नाही. विसर्ग सतत होत राहिले, तर रबर झिजतं. म्हणूनच इन्सुलेटरवर पाणी फवारून थेंब कसे दिसतात, याची तपासणी केली जाते. त्यासाठीच्या एका प्रचलित पद्धतीत एचसी १ ते एचसी ७ अशा श्रेणी आहेत. एचसी १ म्हणजे उत्तम, तर एचसी ७ म्हणजे पृष्ठभाग पूर्ण ओला.