मक्यात मारलेलं ॲट्राझिन जातं कुठे?



जून आला की एक प्रश्न हमखास येतो. "मक्यात ॲट्राझिन मारलं आणि रात्री धो धो पाऊस झाला. औषध वाया गेलं का? परत मारू का?" परत मारायचं नंतर बघू. वाया गेलं म्हणजे गेलं कुठे, ते आधी बघू. हे नीट कळायला जगाला तीसेक वर्षं लागली.

ॲट्राझिन काढलं स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीनं, आणि १९५०च्या दशकाच्या शेवटी ते अमेरिकेतल्या मक्यात आलं. मका हे औषध स्वतःच्या अंगात मोडून टाकतो, बहुतेक तणांना ते जमत नाही. सुरुवातीची तक्रार पाण्याची नव्हतीच. मक्यामागून पेरलेला ओट किंवा सोयाबीन जळतो, म्हणजे औषध जमिनीत फार टिकतं, अशी ती तक्रार होती.

१९७८ साली वॉकोप या अमेरिकन शास्त्रज्ञानं तोवरच्या चाचण्या एकत्र करून मांडल्या. बहुतेक औषधं शेतातून अर्ध्या टक्क्याच्या आतच वाहून जातात. पण पाण्यात कालवून जमिनीवर मारलेली भुकटी उतार आणि पाऊस बघून २ ते ५ टक्क्यांपर्यंत जाते. धोका सगळ्यात जास्त फवारणीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत. एक सेंटीमीटरच्या वर पाऊस झाला आणि पाणी वाहू लागलं, की औषध निघालं.

मग १९८९ साली तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं मक्याच्या पट्ट्यातल्या १० राज्यांत नदीनाल्यांचं पाणी तीनदा तपासलं: पेरणीआधी, पेरणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात, आणि काढणीच्या वेळी. आधी थोडं, मग एकदम उसळी, शरदात परत थोडं. १९९१ मध्ये तिथे पिण्याच्या पाण्याची मर्यादा ठरली, लिटरला ३ मायक्रोग्रॅम. साध्या गाळणीनं ॲट्राझिन निघत नाही, त्याला सक्रिय कोळसा लागतो, आणि तो खर्च गावांच्या पाणीयोजनांवर पडला. २०१२ मध्ये सिंजेंटा कंपनीनं, चूक कबूल न करता, अशा हजारावर योजनांसाठी साडेदहा कोटी डॉलर दिले.

नाल्यातली उसळी निदान ओसरते. खाली मुरलेल्याचं तसं नाही. जर्मनीनं १९९१ मध्ये ॲट्राझिन बंद केलं. तिथे मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. पण बंदीनंतर दोन दशकं उलटली तरी विहिरींत ते आणि त्याचा तुटका अंश, डीइथाइल-ॲट्राझिन, सापडतच राहिले. वरच्या थरात सेंद्रिय कर्ब आहे, जिवाणू आहेत, तिथे दोनेक महिन्यांत निम्मं मोडतं. खाली कर्बही नाही, जिवाणूही थोडे, पाणी थंड. तिथे ते बसून राहतं.

आता आपल्या रानाचं बघा. ॲट्राझिन मातीला सैल चिकटतं. ग्लायफोसेट घट्ट चिकटतं, म्हणून ते विरघळून कमी आणि मातीबरोबर वाहून जास्त जातं. शिवाय आम्ल जमिनीत ॲट्राझिन लवकर मोडतं, जास्त सामूच्या जमिनीत रेंगाळतं. आपली चुनखडीची काळी जमीन आठच्या आसपास. त्यात मे महिन्याच्या भेगा. पहिल्या पावसाचं पाणी मातीत न गाळता भेगेतून सरळ खाली.

एक हिशेब मी स्वतः मांडून बघितला. वीस फूट व्यासाच्या विहिरीत वीस फूट पाणी म्हणजे साधारण १ लाख ७८ हजार लिटर. एवढं पाणी ३ मायक्रोग्रॅमला न्यायला शुद्ध ॲट्राझिन लागतं अर्धा ग्रॅम. आपल्याकडची भुकटी ५० टक्क्यांची, म्हणजे एक ग्रॅम भुकटी. पुडीच्या कोपऱ्यात याहून जास्त उरतं. मी कितीतरी वर्षं विहिरीच्या कडेलाच पंप धुतला, आणि घरचा हंडा त्याच विहिरीवर भरला.

पंप भरताना आणि धुताना सांडलेलं औषध हा पाण्यातला मोठा वाटा असतो, हे युरोपात नंतर मोजलं गेलं. स्वीडनमध्ये १९९३ पासून त्यावर साधा उपाय आहे, बायोबेड. साठेक सेंटीमीटर खोल खड्डा, तळाला चिकणमाती, त्यावर अर्धा भाग पेंढा, पाव भाग माती, पाव भाग पीट म्हणजे दलदलीतली कुजकी काळी माती. वर गवत. धुण्याचं पाणी त्यात, आणि पेंढा कुजवणारी बुरशी औषध मोडते. इंग्लंडात पीटऐवजी कंपोस्ट घालतात, ते आपल्यालाही जमेल.

२०२० च्या मे महिन्यात केंद्र सरकारनं २७ औषधांच्या बंदीचा मसुदा काढला, त्यात ॲट्राझिन होतं. औषध दुकानात अजून मिळतंय.

राहिला मूळ प्रश्न. लगेच परत मारू नका. गेलं असेल ते शंभरातलं थोडं, बाकी रानातच आहे. दहा-बारा दिवस तण बघा, निघालंच तर वापशावर कोळपं घाला. आणि यंदा फवारणीआधी दोन दिवसांचा हवामान अंदाज बघा. पंप विहिरीपासून लांब, बांधाच्या आत, गवतावर धुवा. मी खड्डा घेतलाय, गवत उगवलं की फोटो टाकतो.