हप्त्यावर घेतलेली गिटार

शोबँड म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. 1982 पासून नऊ वर्षं मी सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. एकाच ताग्यातून शिवलेले निळे कोट, एक किशोरचा आवाज, एक लताबाईंचा, मागे कंगो-बोंगो आणि ढोलकी. गणपतीच्या दहा दिवसांत बारा सुपाऱ्या घ्यायच्या आणि टेम्पोत ॲम्प्लिफायरला टेकून झोपायचं. गिटारवाल्याचं काम एकच, रेकॉर्डवरचा पीस जसाच्या तसा वाजवणं. 'चुरा लिया'च्या सुरुवातीचा पीस मी पाचशे वेळा तरी वाजवला असेल, आणि पाचशेही वेळा तोच वाजवला. एकदा कागलजवळच्या एका जत्रेत हात जरा मोकळा सोडला, तर कार्यक्रम संपल्यावर मालकाने नाईटमधले वीस रुपये कापले.

आयर्लंडमध्ये 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून वीसेक वर्षं नेमका हाच धंदा जोरात होता. सात-आठ जण, सारखे सूट, ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले पुढे, आणि रेडिओवर गाजणारी इंग्लिश-अमेरिकन गाणी हुबेहूब वाजवायची. वॉटरफर्डचा रॉयल शोबँड त्यात अव्वल. 1962 मध्ये लिव्हरपूलच्या एका कार्यक्रमात या रॉयलच्या आधी वाजवायला एक स्थानिक बँड होता, त्याचं नाव बीटल्स. गावोगावी नाचाचे हॉल उभे राहिले. हॉलवाले चांगलेच गबर झाले. त्यांतला एक, अल्बर्ट रेनॉल्ड्स, पुढे 1992 मध्ये देशाचा पंतप्रधान झाला. ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस मात्र हॉल बंद. आपल्याकडे चातुर्मासात लग्नाच्या बँडवाल्यांचं होतं तेच. मग शोबँडवाले बोटीत बसून इंग्लंडला जायचे, तिथल्या आयरिश मजुरांच्या हॉलमध्ये वाजवायला.

आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलाघर घडला तो या धंद्यात. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण शोबँडची ही वर्षं दोन ओळींत उरकतात. जणू ते त्याचं बालवाडीचं वय. मला ते पटत नाही.

जन्म 2 मार्च 1948 चा, डोनेगल परगण्यातल्या बॅलीशॅनन गावचा. वडील तिथल्या जलविद्युत प्रकल्पावर कामाला होते. पुढे घर डेरी शहरात गेलं आणि मग आई मोनिका दोन मुलांना घेऊन माहेरी, दक्षिणेला कॉर्क शहरात आली. ब्लूज पोराने ऐकलं ते रेडिओवर, युरोपातल्या अमेरिकन सैनिकांसाठी चालणाऱ्या केंद्रावरून. नवव्या वर्षी पहिली गिटार मिळाली. 1963 मध्ये कॉर्कच्या क्रॉली यांच्या दुकानात एक सेकंडहँड फेंडर स्ट्रॅटोकास्टर आली, 1961 च्या बनावटीची. रॉयल शोबँडच्या जिम कॉनलनने अमेरिकेहून लाल रंगाची मागवली होती, आली पिवळ्या-तपकिरी छटेची. लाल मिळाल्यावर त्याने ही दुकानात विकायला ठेवली. किंमत शंभर पौंडाला जेमतेम कमी. आयर्लंडात आलेली ही पहिली स्ट्रॅट, असं तिथे मानतात.

पंधरा वर्षांच्या पोराने ती हप्त्यावर घेतली. धाकटा भाऊ डोनल सांगतो, की आईला त्याने हिशेब मांडून दाखवला: या गिटारवर मी रिदमही वाजवीन आणि लीडही, म्हणजे दुसरा गिटारवाला लागणार नाही, पैसे वाचतील. हप्ते फेडायचे तर नोकरी हवी, म्हणून तो फॉन्टाना शोबँडमध्ये लागला. पुढे त्याच बँडचं नाव इम्पॅक्ट झालं. दिवसा शाळा, रात्री व्हॅन. हिट गाण्यांच्या रांगेत तो चक बेरीचं एखादं रॉक-अँड-रोल गाणं घुसवायचा. (वीस रुपये कापणारा मालक त्याला भेटला नसावा.)

पण 'दोघांचं काम मी एकटा करीन' हा हिशेब तो आयुष्यभर पाळत राहिला. इम्पॅक्ट मोडल्यावर तिघे जण हॅम्बुर्गला निघाले, तर तिथल्या क्लबवाल्यांना चौघांचा बँड हवा होता. मग म्हणे एका मित्राला ऑर्गनपुढे बसवून फोटो काढला, आणि तिथे पोहोचल्यावर सांगितलं की ऑर्गनवाल्याचं अपेंडिक्स दुखतंय. ऑर्केस्ट्रात काम केलेल्या कुणालाही यात खोटं वाटण्यासारखं काही नाही. आमच्या पोस्टरवरचा सॅक्सोफोनवाला नऊ वर्षांत एकदाही स्टेजवर आला नव्हता.

1966 मध्ये कॉर्कमध्ये टेस्ट हा त्याचा स्वतःचा बँड सुरू झाला, तोही तिघांचाच. 1968 पासून बासवर रिचर्ड मॅक्रॅकन आणि ड्रमवर जॉन विल्सन. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रीम या बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्यात आधी वाजवायला टेस्ट होते. 'टेस्ट' (1969) आणि 'ऑन द बोर्ड्स' (1970) या त्यांच्या स्टुडिओतल्या दोन रेकॉर्डी. दुसरीत रोरी सॅक्सोफोनही वाजवतो, आणि त्यात जॅझची इतकी हवा आहे की पुढे त्याने ती वाट सोडली याची मला अजून हळहळ वाटते. ऑगस्ट 1970 मध्ये आइल ऑफ वाइटच्या मैदानात लाखोंच्या गर्दीने त्यांना पुन्हा पुन्हा परत बोलावलं. पण आत बिनसलेलं होतं, मुख्यतः पैशाच्या हिशेबावरून. त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री बेलफास्टमध्ये टेस्टचा शेवट झाला.

मग स्वतःच्या नावाने. बासवर बेलफास्टचा जेरी मॅकअ‍ॅवॉय आला आणि वीस वर्षं राहिला. 1971 ते 1976 या सहा वर्षांत आठ रेकॉर्डी निघाल्या. 'ड्यूस', 'ब्लूप्रिंट', 'टॅटू', 'कॉलिंग कार्ड', सगळ्या मी कधी ना कधी ऐकल्या. स्टुडिओतला रोरी मला कायम थोडा अवघडलेला वाटतो, पाहुण्यांकडे खुर्चीच्या कडेवर बसलेल्या माणसासारखा. गाणं छोटं करून सिंगल काढायला त्याने ठाम नकार दिला. रेडिओवर गाजायची वाट त्याने स्वतःच बंद करून घेतली. शोबँडात तीन मिनिटांची हिट गाणी पुरेशी वाजवून झाली होती, असं माझं आपलं मत. 1972 च्या 'लाइव्ह इन युरोप'मध्ये मात्र तो घरी आल्यासारखा वाजवतो. त्याच सुमारास 'मेलडी मेकर' साप्ताहिकाच्या वाचकांनी एरिक क्लॅप्टनला मागे सारून त्याला सर्वोत्तम गिटारवादक म्हणून निवडलं. 1971 च्या अखेरीस अमेरिकन ब्लूजचे बुजुर्ग मडी वॉटर्स लंडनमध्ये रेकॉर्डिंग करत होते. रोरी आपले कार्यक्रम आटोपून रात्री गाडी हाकत तिथे पोहोचायचा आणि त्यांच्यामागे वाजवायचा. पुढारी झालेला माणूस, पण साथीला बसायची लाज नाही.

माझ्याकडे तो आला 1986 मध्ये. आतेभाऊ मर्चंट नेव्हीत होता, त्याने हॅम्बुर्गला कुणाकडून तरी 'आयरिश टूर'ची दुहेरी एलपी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून आणली. जानेवारी 1974 मधलं हे रेकॉर्डिंग बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कच्या कार्यक्रमांतलं. त्यातलं 'अ मिलियन माइल्स अवे' ऐकताना मी टेप किती वेळा मागे घेतली याला गणती नाही. एका जागी गिटारचा आवाज ओसरत जातो, कुजबुजीवर येतो, आणि पुन्हा फुगतो. मला आधी वाटलं, टेप ताणली गेली. मग लक्षात आलं, उजव्या हाताने तारा छेडतानाच करंगळीने तो गिटारवरची आवाजाची चकती फिरवतोय. पायाखाली पेडल नाही, काही नाही. एक व्हॉक्स एसी-थर्टी ॲम्प्लिफायर, आणि त्याच्यावर ठेवलेली रेंजमास्टर नावाची तारस्वर उजळवणारी छोटी पेटी. क्वीनच्या ब्रायन मे याने तरुणपणी त्याला भेटून हे गुपित विचारून घेतलं आणि पुढे तशीच जोडी वापरली. 'टॅटूड लेडी' हे त्याचं गाणं जत्रेत फिरणाऱ्या तंबूवाल्यांचं. ते मला शब्द नीट कळायच्या आधीच कळलं होतं.

त्या कॅसेटवर बेलफास्ट होतं, याचा अर्थ मला फार उशिरा समजला.

1969 पासून उत्तर आयर्लंड कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात पेटलं होतं. मार्च 1971 मध्ये लेड झेपेलिन बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये वाजवून गेले. त्यानंतर बाहेरच्या मोठ्या बँडनी हळूहळू शहराचं नाव टाकलं. बाँबस्फोट, रात्रीच्या तपासण्या, विमा मिळेना. रोरी मात्र नाताळ-नववर्षाच्या सुमारास दर वर्षी यायचा. कॉर्कमध्ये वाढलेला कॅथलिक मुलगा, त्याच्यामागे बेलफास्टचे वादक, आणि समोर एरवी एकमेकांच्या गल्लीत पाऊल न टाकणारी पोरं एकाच हॉलमध्ये. त्याने यावर भाषण केलं नाही, गाणंही लिहिलं नाही. तारीख ठरायची, तो यायचा आणि वाजवायचा. सुपारी घेतली की जायचं, एवढंच.

हे किती सोपं नव्हतं, ते शोबँडांनाच जास्त ठाऊक. 31 जुलै 1975 च्या पहाटे मायामी शोबँड बॅनब्रिजचा कार्यक्रम उरकून डब्लिनला परतत होता. न्यूरीजवळ सैनिकी गणवेशातल्या माणसांनी व्हॅन अडवली आणि वादकांना रस्त्याकडेला उभं केलं. ते यूव्हीएफ या निमलष्करी संघटनेचे लोक होते. ते व्हॅनमध्ये बाँब लपवत होते, तो हातातच फुटला आणि त्यांच्यातलेच दोघे मेले. उरलेल्यांनी गोळ्या झाडल्या. फ्रॅन ओटूल, टोनी गेराटी आणि ब्रायन मकॉय हे तीन वादक जागीच ठार झाले. कार्यक्रमानंतर पहाटेच्या व्हॅनमध्ये जी झोप लागते, ती मी घेतलेली आहे. हा प्रसंग पहिल्यांदा वाचला त्या दिवशी मी पुढे काही वाचू शकलो नाही. शोबँडांचा सीमेपलीकडचा धंदा तिथून खचला. रोरीचं बेलफास्टला जाणं थांबलं नाही.

त्याच वर्षी जानेवारीत रोलिंग स्टोन्सनी त्याला रॉटरडॅमला बोलावलं होतं, त्यांचा गिटारवाला मिक टेलर बँड सोडून गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागेसाठी. दोन-तीन रात्री वाजवणं झालं. पक्कं काय ते सांगायला त्यांचा दुसरा गिटारवाला कीथ रिचर्ड्स काही जागा होईना, आणि इकडे जपानचा दौरा ठरलेला. रोरी बॅग उचलून जपानला गेला. याला काही जण चुकलेली संधी म्हणतात. तारखा दिल्या होत्या, आणखी काय?

1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केलेली अख्खी रेकॉर्ड त्याने पसंत नाही म्हणून टाकून दिली आणि मॅकअ‍ॅवॉय सोडून बँड बदलला. त्या टेपा भावाने जपून ठेवल्या. त्या 2011 मध्ये बाहेर आल्या आणि वाईट मुळीच नाहीत. नंतरच्या काळातल्या 'डिफेंडर' (1987) आणि 'फ्रेश एव्हिडन्स' (1990) या रेकॉर्डींतला आवाज थकलेला आहे, हात नाही. विमानाची भीती बळावली होती, त्यावरची औषधं आणि दारू यांनी यकृत गेलं. जानेवारी 1995 मध्ये नेदरलँड्समध्ये तो शेवटचा स्टेजवर चढला. लंडनमध्ये यकृत बदललं, पण संसर्ग झाला आणि 14 जूनला तो गेला. सत्तेचाळीस वर्षांचा होता, लग्न केलं नव्हतं.

मुलगा नोकरीनिमित्त कॉर्कला असतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिथे गेलो. शहरात रोरीच्या नावाचा एक छोटा चौक आहे, त्यात गिटारचं शिल्प, वितळून वर उडाल्यासारखं. दुपारची वेळ होती, शिल्पाशेजारी दोन पोरं चिप्स खात बसली होती. मला त्या शिल्पापेक्षा खऱ्या गिटारचे फोटो बघायला आवडतात. मध्ये ती डब्लिनमध्ये चोरीलाही गेली होती आणि काही दिवसांनी पावसात भिजलेली सापडली. घामाने रंग इतका गेला की नुसतं लाकूड उरलं. पुढे फेंडर कंपनीने मुद्दाम रंग उडवलेल्या तिच्या प्रतिकृती काढल्या, त्यांना काही लाख रुपये पडतात. नव्या गिटारला घाम लावून विकणं मला जमलं असतं, तर मीही नऊ वर्षांचं सोनं केलं असतं. त्या फोटोत वरच्या टोकाला सहा खुंट्या आहेत. पाच एका जातीच्या, सहावी वेगळी. काहीतरी तुटलं, हाताशी होतं ते बसवलं, रात्री कार्यक्रम होता.

ऑक्टोबर 2024 मध्ये लंडनला तिचा लिलाव झाला. 8,89,400 पौंड आले. घेणाऱ्या आयरिश कार्यक्रम-आयोजकांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. सहावी खुंटी तशीच आहे.