जुनी ‘डिझायर’ घेताना : नेहमीचे बिघाड आणि त्यांवरील उपाय

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दाराशी येणारी पहिली मोटार अनेकदा नवी नसते. मुलांची शाळा, आईवडिलांचा दवाखाना आणि गणपती-दिवाळीला गावाकडची खेप एवढ्या गरजेसाठी साठविलेल्या पैशांतून एक-दोन मालकांच्या हाताखालून गेलेली सेडान घेतली जाते. अशा गाड्यांत मारुती सुझुकीच्या ‘स्विफ्ट डिझायर’चे नाव ठळक आहे. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, मेकॅनिकच्या हाताला ती परिचित आहे आणि पुन्हा विकताना ग्राहक सापडतो. मात्र खरेदीची किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात असते. या गाडीतील बहुतेक मोठे बिघाड एकाएकी उद्भवत नाहीत. वेळीच न केलेल्या लहान दुरुस्तीतून ते वाढत जातात. त्यामुळे कोणता आवाज किरकोळ आणि कोणता धोक्याचा, हे व्यवहारापूर्वीच कळणे महत्त्वाचे ठरते.

पिढी आणि इंजिन ओळखा

पहिली डिझायर मार्च २००८ मध्ये बाजारात आली. फेब्रुवारी २०१२ मध्ये चार मीटरपेक्षा कमी लांबीची दुसरी, तर मे २०१७ मध्ये तिसरी पिढी आली. दुसऱ्या पिढीत लांबी कमी करताना डिकी लहान झाली, हे मोठ्या कुटुंबाने ध्यानात घ्यावे.

पेट्रोल गाडीत सुरुवातीला १.३ लिटरचे इंजिन होते. २०१० मध्ये त्याची जागा १.२ लिटरच्या ‘के-सीरिज’ इंजिनाने घेतली. डिझेल गाडीत मात्र तिन्ही पिढ्यांत फियाटच्या तंत्रज्ञानावर आधारित १२४८ सीसीचे ‘मल्टिजेट’ इंजिन राहिले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू होताना मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. हेच इंजिन टाटा आणि फियाटच्या अनेक गाड्यांत असून पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. परिणामी, ते खोलून बांधू शकणारे कारागीर महाराष्ट्रात सहज आढळतात.

डिझेल : साखळीचा आवाज ऐका

मल्टिजेट इंजिनात टायमिंगसाठी पट्ट्याऐवजी साखळी असते. साखळी बदलावी लागत नाही, असा समज रूढ आहे; तो अर्धसत्य आहे. साखळीचा ताण राखणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइलची पातळी खाली गेली किंवा ते वेळेवर बदलले नाही, तर टेन्शनर ढिला पडतो, साखळी झिजून सैल होते आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताच काही क्षण ‘खडखड’ ऐकू येते. ही सूचना दुर्लक्षित राहिल्यास साखळी दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि जे काम साखळी, टेन्शनर व गाइड बदलून भागले असते, त्यासाठी संपूर्ण इंजिन खोलावे लागते.

म्हणूनच गाडी पाहायला जाताना इंजिन थंड असेल अशी वेळ आधी ठरवून घ्यावी. विक्रेत्याने गाडी ‘गरम करून’ ठेवली असेल, तर बोनेटला हात लावताच ते कळते. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. ऑइल साधारणपणे दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदलले गेले होते काय, हे सर्व्हिसच्या पावत्यांवरून पडताळावे. पावत्या नसतील, तर गाडी घेताच ऑइल आणि फिल्टर बदलणे हा पहिला खर्च धरावा.

धूर, पिकअप आणि टर्बो

डिझेल गाडी चढावर दम टाकत असेल आणि मागून काळा धूर येत असेल, तर बहुधा ईजीआर व्हॉल्व्ह व हवेच्या मार्गात काजळी साठलेली असते. केवळ शहरातील दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत हे अधिक घडते. व्हॉल्व्ह सोडवून स्वच्छ केल्यास अनेकदा काम भागते. टर्बोचा फुटलेला किंवा सैल झालेला रबरी पाइपही पिकअप घालवितो. त्यामुळे टर्बो बदलण्याचा सल्ला मिळाल्यास आधी पाइप तपासून घ्यावेत.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळत असल्याची खूण. टर्बोचे सील किंवा पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असू शकतात. थंड गाडी उशिरा सुरू होत असेल आणि पांढरा धूर येत असेल, तर ग्लो प्लग आणि इंजेक्टरची चाचणी करावी. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी वेळोवेळी न काढल्यास इंजेक्टर खराब होतात, आणि ते या गाडीतील महागड्या भागांपैकी आहेत. लांबच्या प्रवासानंतर गाडी लगेच बंद न करता अर्धा-एक मिनीट संथ चालू ठेवल्यास टर्बोचे आयुष्य वाढते.

पेट्रोल : कमी खर्च, पण दुर्लक्ष नको

२०१० पूर्वीच्या १.३ लिटर पेट्रोल इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याची नोंद नसेल, तर गाडी घेताच बदलावा. के-सीरिज इंजिन साखळीवर चालते व तुलनेने कमी कुरकुर करते. झटके देत चालणे, सिग्नलवर गाडी थरथरणे यांमागे बहुधा इग्निशन कॉइल, स्पार्क प्लग किंवा थ्रॉटल बॉडीत साठलेला कार्बन असतो. स्कॅनर लावून नेमका कोणता सिलिंडर चुकतो ते पाहिल्यास एका कॉइलमध्ये काम होते. अंदाजाने भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो. बाहेरून सीएनजी किट बसविलेले असेल, तर त्याची आरसीवर नोंद आणि टाकीच्या चाचणीचे प्रमाणपत्र पाहावे.

इंजिन तापणे

तापमानाचा दिवा लागूनही गाडी पुढे रेटणे ही सर्वाधिक महाग पडणारी चूक होय. कूलंटऐवजी नळाचे पाणी भरत राहिल्यास रेडिएटरमध्ये क्षार साठतात व वॉटर पंप गंजतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणे, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येणे ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे आहेत; ती आढळल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. थर्मोस्टॅट, पंखा व रबरी होज हे भाग तुलनेने स्वस्त आहेत आणि वेळेवर बदलल्यास गॅस्केटपर्यंत वेळ येत नाही. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये.

क्लच, चाके आणि ब्रेक

चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज चढला, पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपली असे समजावे. घाटात क्लचवर पाय ठेवून चालविलेल्या गाडीत ही झीज लवकर होते. गिअरबॉक्स उतरवावाच लागत असल्याने प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग एकत्र बदलणे शहाणपणाचे ठरते. मजुरी एकदाच लागते.

खड्ड्यांतून संथ जाताना पुढून येणारी ‘टक्‌टक्‌’ ही डिझायरची नेहमीची तक्रार आहे. बहुतेक वेळा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश झिजलेले असतात. काही वेळा शॉकअॅब्सॉर्बरचे माउंट. हे भाग स्वस्त आहेत. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड सैल असेल, तर मात्र प्रश्न सुरक्षिततेचा असतो. ते काम पुढे ढकलू नये. त्यानंतर व्हील अलाइनमेंट आवश्यक आहे, अन्यथा नवे टायर एका कडेने झिजतात. टायरवरील चार आकडी मजकूर त्याचे वय सांगतो : ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

ब्रेक दाबताना पेडल थरथरत असेल, तर डिस्क वाकडी झालेली असू शकते. पेडल खोल जात असेल, तर ऑइलची गळती शोधावी. मागच्या ड्रममधील व्हील सिलिंडर ही गळतीची नेहमीची जागा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत असल्याने दर दोन वर्षांनी बदलणे हितावह असते.

पाणी, उंदीर आणि पुरातील गाड्या

पावसाळ्यात डाव्या सीटखालचा गालिचा ओला होणे ही तक्रार वारंवार आढळते. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबणे किंवा काचेखालच्या जाळीत पालापाचोळा साठणे, ही त्याची साधी कारणे होत. एसी थंड करीत नसेल, तर गळती न शोधता केवळ गॅस भरणे म्हणजे पैसे वाया घालविणे. गाडीच्या पुढच्या भागात असलेला कंडेन्सर दगड लागून फुटलेला असू शकतो. उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे बंद पडणाऱ्या सेन्सरांमागचे आणखी एक कारण आहे.

याहून गंभीर प्रश्न पुरात बुडालेल्या गाड्यांचा. २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, २०२१ चे चिपळूण अशा प्रत्येक महापुरात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशी गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाऊ शकते. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहिल्यास टोकाला चिखलाची रेघ दिसते. स्टेपनीखालचा खड्डा, सीटचे रूळ आणि फ्यूजच्या डब्यातील गंजही खरे बोलतात. पुरातील गाडी कितीही स्वस्त मिळाली, तरी तिचे विद्युत दोष अनेक महिने डोके वर काढत राहतात.

टॅक्सीची गाडी, एअरबॅगचा दिवा

डिझायर टॅक्सी म्हणूनही मोठ्या संख्येने धावली आहे. मीटर कमी दिसत असताना स्टिअरिंग गुळगुळीत, पेडलचे रबर झिजलेले आणि चालकाची सीट खचलेली असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. वाहनाचा वर्ग बदलला आहे काय, हे आरसी व परिवहन खात्याच्या नोंदीत पाहावे.

पहिल्या दोन पिढ्यांच्या प्राथमिक आवृत्त्यांत एअरबॅग सरसकट नव्हत्या. तिसऱ्या पिढीपासून दोन एअरबॅग व एबीएस सर्व आवृत्त्यांत आले. किल्ली फिरविताच एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर बिघाड लपविल्याची शक्यता असते. कुटुंबाच्या जिवाशी संबंधित असा हा दिवा आहे.

एप्रिल २०१४ मध्ये इंधन टाकीच्या नळीसाठी अर्टिगा, स्विफ्ट व डिझायर मिळून १,०३,३११ गाड्या, तर ऑक्टोबर २०१४ मध्ये वायरिंगसाठी डिझायर, स्विफ्ट व रिट्झ मिळून ६९,५५५ गाड्या कंपनीने तपासणीसाठी परत मागविल्या होत्या. आपली गाडी त्यांत होती काय आणि काम झाले काय, हे चासी क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस केंद्रात विचारता येते.

कागदपत्रे

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. म्हणजे २००८ च्या पहिल्या डिझायर गाड्यांची मुदत २०२३ मध्येच संपली. त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. हा खर्च सौद्यात धरावा. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३०, कर्ज फिटले असल्यास नमुना ३५, तर परराज्यातील गाडीसाठी नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. विमा स्वतःच्या नावे करण्यास विलंब करू नये.

थोडक्यात : कोणते काम आधी

- घेताच : इंजिन ऑइल व सर्व फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, जुन्या पेट्रोल गाडीत टायमिंग बेल्ट.
- पहिल्या महिन्यात : ब्रेक, टायर, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बॅटरी. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसले पाहिजेत.
- सवडीने : लिंक रॉड, बुश, एसी, डेंटिंग-पेंटिंग.
- व्यवहार टाळावा : हेड गॅस्केट गेलेली, पुरात बुडालेली, चासी क्रमांक खाडाखोड झालेली गाडी.

सौदा पक्का करण्यापूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून पाहून घ्यावी. त्या तासाभराच्या मजुरीत कुटुंबाची कित्येक महिन्यांची बचत वाचू शकते. आणि गाडी घरी आल्यावर दर आठवड्याला डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहण्याची सवय लावावी. त्यासाठी पैसा लागत नाही, आणि डिझायरच्या इंजिनाचे आयुष्य मोठ्या प्रमाणात तिच्यावरच अवलंबून असते.