नकाशा आणि साचा

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींमुळे या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाची ओळख इतकी कायम झाली आहे की, बेळगावच्या उद्यमबागेपासून कोल्हापूरजवळच्या शिरोलीपर्यंत पसरलेल्या ओतकामाच्या विद्येकडे इतिहासलेखकांचे लक्ष क्वचितच वळते. वास्तविक मोठ्या मिलिंग यंत्राची रचना समजून घ्यावयाची, तर ड्रॉइंगच्या कागदाइतकीच या बिडाच्या भट्टीचीही दखल घेतली पाहिजे.

या दोहोंची गाठ ज्यांच्या हातून येथे पडली, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. चित्रकार होण्यासाठी मुंबईस गेलेल्या या तरुणास रंगांधत्वामुळे रंग सोडावे लागले, परंतु रेषा सुटली नाही. व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत यांत्रिक रेखाटन शिकविणाऱ्या या मास्तरांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान थाटले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडविले. नगरपालिकेच्या वस्तीविस्ताराच्या तजविजीत जागा गेली, तेव्हा औंध संस्थानाच्या आश्रयाने 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसली. बेळगावाने काय गमावले, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडावयाचा नाही. याच घराण्याने 1941 साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथचा कारखाना काढला.

मिलिंगचा प्रश्न मात्र लेथहून बिकट. लेथवर काम फिरते आणि हत्याराची धार अखंड टेकलेली असते. येथे कटर फिरतो, त्याचा एकेक दात धातूवर आदळून सुटतो, आणि त्या आघातांनी सारे यंत्र थरथरू पाहते. अमेरिकेतील जोसेफ ब्राउन यांच्या 1862 च्या सुप्रसिद्ध यंत्रात टेबल स्तंभापुढे आलेल्या, वरखाली सरकणाऱ्या आधारावर असे. कित्येक टनांचा जॉब चढविल्यास तो आधार वाकणारच. म्हणून अवजड यंत्रात पायाशी जखडलेल्या बेडवर टेबल केवळ सरकते, उंची बदलण्याचे काम स्पिंडलच्या डोक्याकडे जाते, आणि त्याहून मोठ्या यंत्रात दोन स्तंभांवर आडवी तुळई टाकून कमानच उभारतात. हे स्तंभ आतून पोकळ व फासळ्यांनी सांधलेले असतात, कारण वाकण्यास विरोध करण्याची शक्ती वजनापेक्षा धातू मध्यरेषेपासून किती दूर आहे यावर अधिक अवलंबून असते. आणि करड्या बिडातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांत कंप जिरतो, हा गुण पोलादात त्या मानाने फारच थोडा.

परंतु हेच बीड मोठे मानी आहे. जाड भाग सावकाश निवतो, पातळ भाग आधी आखडतो, आणि त्या ओढाताणीचे ताण आतच राहून आज सरळ तासलेला बेड काही काळाने वाकडा होतो. यासाठी पूर्वी ओतीव भाग महिनोन्‌महिने उघड्यावर उन्हापावसात ठेवीत. पुढे भट्टीत मंद तापवून ताण काढण्याची रीत आली. तरीही नकाशात भिंतीची जाडी एकाएकी बदलली किंवा कोपरा टोकदार राहिला, तर तेथे तडा जाण्याचे भय उरतेच. त्यामुळे जाणता ड्राफ्ट्समन नकाशावर सही करण्यापूर्वी पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रीला बोलावून विचारतो, ‘हा कोपरा साच्यातून निघेल ना?’