माद्रिदचा झगा

गेल्या हिवाळ्यात शाळेत मी एक फर्मान काढले: टोपीवाले जर्किन घालून प्रार्थनेला कोणी उभे राहायचे नाही. चेहरे दिसत नाहीत, हे कारण. दुसऱ्या दिवशी नववीतला एक मुलगा कुडकुडत रांगेत उभा होता. जर्किन थोरल्या भावाचे, आणि घरात उबेचा कपडा तेवढाच. तेव्हा मला माद्रिद आठवले. एम. ए.ला परीक्षेपुरते पाठ केलेले प्रकरण पुन्हा काढून वाचले.

माद्रिदचा मुख्य चौक म्हणजे प्लाझा मायोर. तिसऱ्या फिलिपच्या कारकिर्दीत १६१७ ते १६१९ या काळात तो बांधला गेला. तिथे बाजार भरे, बैलांचे खेळ होत, आणि १६८० साली इन्क्विझिशनने तिथेच पाखंड्यांना जाहीरपणे शिक्षा सुनावल्या. उत्तरेकडची प्रमुख इमारत 'कासा दे ला पानादेरिया', म्हणजे चक्क भटारखाना. खाली पाव, वरच्या सज्जात राजा! हा भटारखाना वाचकांनी ध्यानात ठेवावा.

माद्रिदच्या पुरुषांचा आवडता पेहराव म्हणजे 'कापा', घोट्यापर्यंत लोळणारा बिनबाह्यांचा झगा, आणि डोक्यावर रुंद काठाची गोल टोपी. झग्याचे टोक तोंडावरून घेतले की सख्खा शेजारीही ओळखू येत नसे. १७५९ साली नेपल्सहून आलेल्या तिसऱ्या चार्ल्सला ही राजधानी घाणेरडी आणि अंधारी वाटली. त्याचा सिसिलीकडचा मंत्री एस्किलाचे याने रस्त्यांवर दिवे लावले, साफसफाई सुरू केली. कामे चांगलीच होती, हे कबूल केले पाहिजे. पण १० मार्च १७६६ रोजी हुकूम निघाला: झगा आखूड हवा, टोपी तीन कोनांची हवी, नाहीतर दंड किंवा कैद. कारण काय, तर गुंड झग्याखाली शस्त्र आणि तोंड लपवतात. शिपाई शिंप्यांना बरोबर घेऊन हिंडू लागले आणि भर रस्त्यात लोकांचे झगे कातरू लागले.

२३ मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, आंतोन मार्तिन चौकात ठिणगी पडली. जमावाने मंत्र्याचे घर लुटले, प्लाझा मायोरमध्ये त्याचे चित्र जाळले. दुसऱ्या दिवशी राजवाड्यापाशी वालून पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. राजाला सज्जात येऊन मागण्या मान्य कराव्या लागल्या. त्याच रात्री तो आरान्हुएसला निघून गेला, आणि मंत्री देशाबाहेर.

'झग्यासाठी बंड' म्हणून आम्ही वर्गात हसलो होतो. पण मागण्यांची यादी पाहावी. तिच्यात पेहरावाची मोकळीक आहे, तसा पाव स्वस्त करण्याचा आग्रहही आहे. १७६५ साली सरकारने धान्यावरचे भावनियंत्रण उठवले होते, पिके बुडाली होती, पाव महागत चालला होता. मला वाटते, उपाशी माणूस भूक मुकाट्याने सोसतो. अंगावरचा कपडा चारचौघांत कातरला गेला की मात्र त्याला कंठ फुटतो. चौकातला भटारखाना रोज डोळ्यांसमोर होताच.

राजाने दोष जेझुइटांच्या माथी मारला आणि १७६७ साली त्यांना हद्दपार केले. (पोर्तुगालने हे १७५९ सालीच केले होते, आपला गोवाही त्यातून सुटला नव्हता.) पुढे काउंट आरांदाने लांब झगा आणि गोल टोपी हा फाशीगाराचा पोशाख ठरवला, मग लोकांनी तो आपण होऊन टाकला, असे सांगतात. झगा मात्र पुरता मेला नाही. प्लाझा मायोरपासून थोड्या अंतरावर, काये दे ला क्रुसमध्ये, १९०१ साली सुरू झालेले झग्यांचे एक दुकान प्रसिद्ध आहे.

माझ्या फर्मानात मी दुरुस्ती केली. जर्किन चालेल, प्रार्थनेपुरती टोपी मागे टाकावी. त्या मुलाला मी काही बोललो नाही, त्यानेही काही विचारले नाही.